एकट्याचं पाणी

गाळ उपसायचे दिवस आले की गावातल्या प्रत्येकाला आपल्याला कंबर आहे हे आठवतं. एरवी धडधाकट असलेली माणसं त्या सकाळी वाकडी चालायला लागतात, कुणाच्या गुडघ्यात कळ येते, कुणाला नेमका लांबच्या नातेवाइकाचा निरोप येतो. पण पाटाचा नियम कडक. तळ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत प्रत्येक घराला पाटाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. घरातल्या एकानं खाली उतरून फावड्यानं गाळ भरायचा, दुसऱ्यानं घमेलं उचलून बांधावर ओतायचं. तळं खणलं तेव्हापासूनची ही रीत. एक खोदणारा, एक उचलणारा, अशी जोडी मिळून एक घर, आणि एका घराला पाण्याची एक पाळी, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत.

अक्का बांधावर पाय पसरून बसली होती आणि सगळ्यांचं काम बघत होती. तिला पाटात उतरायचं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि असल्या एकट्या जिवांसाठी जुन्या लोकांनी एक सवलत ठेवली होती. तिला गावात ‘एकट्याचं पाणी’ म्हणत. ज्याच्या घरात दुसरं माणूस नाही, त्याच्या वाट्याचा गाळ इतरांनी मिळून उपसायचा, आणि पाणी सुटलं की पहिल्या पाळ्या एकट्यांच्या. जुन्या लोकांना दयामाया होती. आताच्या गावातल्या सगळ्यांची मिळून गोळा केली तरी ओंजळ भरणार नाही, असं अक्काचं मत होतं. सवलत टिकली होती ती एवढ्यासाठीच, की गावात एकटी माणसं दोनच उरली होती. एक अक्का, आणि एक बहिरा म्हातारा सुतार. दोघांचीही शेतं रुमालाएवढी.

समोरच्या तुकड्यात तिचा भाऊ काम करत होता. वय वाढलं, केस पिकले, तरी गाव त्याला धाकटाच म्हणायचं. धाकटा खाली गाळात आणि गवंडी वर बांधावर. पाटाचा सगळ्यात वाईट तुकडा त्यांच्याच वाट्याला होता. वरच्या उतारावरची दगडमाती सारखी घसरून तिथं पाटात येत असे. तरी दोघांचं काम सगळ्यांच्या आधी उरकत आलं होतं. धाकट्यानं घमेलं भरून वर धरलं की गवंड्याचा हात तिथं असायचाच, सांगावं लागत नव्हतं.

गवंडी फार वर्षांपूर्वी तळ्याची भिंत बांधायला आला होता. भिंत झाली, बरोबरची माणसं सामान भरून निघून गेली, हा मागं राहिला. आधी धाकट्याच्या घराच्या पडवीत, मग घरात. गावानं भिंतीच्या कामाबद्दल त्याला पाटावरचा तो उतार देऊन टाकला, कारण त्यात दगडांशिवाय काही निघत नव्हतं, आणि वर उदार झाल्याचं समाधान मिळालं ते वेगळंच. दोघांनी मिळून ते दगड वेचले, त्यांचेच बांध घातले, माती अडवली, आणि आता तिथं टोमॅटोच्या काठ्या रांगेनं उभ्या होत्या. त्यांचं काय नातं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. भिंत पडली, उंबरा खचला, चूल धुरायला लागली की गवंड्याला बोलावणं यायचं, आणि त्यानं बांधलेल्या खोलीत बसून त्याच्याबद्दल खुसफुस करायला कुणाला लाज वाटत नव्हती.

जुना पाण्याचा कारभारी होता तोवर प्रश्न आला नाही. त्याला एकदा कुणीतरी विचारलं होतं, या दोघांना घर कसं धरायचं म्हणून. "एक खोदतो, एक उचलतो," तो म्हणाला होता, "आणि तुला अजून काय बघायचंय त्यांच्या घरात?" तो गेल्यावर त्याचा मुलगा कारभारी झाला. बापाची जागा मिळाली, बापाची अक्कल तेवढी मिळाली नाही.

या साली ऊन असं पडलं होतं की सकाळीच माती पायाला चटके द्यायची. तळ्याच्या कडेचा चिखल उघडा पडून त्याला भेगा गेल्या होत्या. सगळ्यांच्या पाळ्या पुरतील की नाही, याची गावात कुजबुज होती. पाळीच्या क्रमात धाकट्याच्या घरामागं लगेच कारभाऱ्याचं घर होतं. मधलं हे एक घर निघालं तर आपलं पाणी एक दिवस अलीकडं येतं, एवढा हिशेब त्याला जमला होता.

तो बांधावरून फिरत फिरत दोघांपाशी येऊन थांबला.

"काय गवंडी," तो चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्यात घमेलं कुणी उचलायचं, हे कसं ठरतं म्हणे?"

आजूबाजूची फावडी थांबली. दोघंचौघं हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण कारभाऱ्याच्या मागं ज्यांच्या पाळ्या होत्या त्यांना हसावं लागलं.

"ज्याची कंबर दुखत नाही तो उचलतो," धाकटा खालून म्हणाला. "तुमच्यात कसं ठरतं? तुमची बायको खोदताना पण दिसते आणि उचलताना पण."

आता खरं हसू आलं, आणि तेच कारभाऱ्याला झोंबलं. "संध्याकाळी बैठक आहे," तो म्हणाला. "घर कशाला म्हणायचं ते एकदा ठरवून टाकू."

बैठक तळ्याच्या दाराशी असलेल्या ओट्यावर भरली. पाणी सोडणारा पाटकरी दाराच्या चाकाला टेकून बसला होता. तो हळू बोलायचा आणि सांगितलेलं अक्षरशः करायचा. त्याच्याजवळ ना वही ना कागद. बैठकीत हात वर झाले की ती गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसायची, आणि पुढचे हात वर होईपर्यंत हलायची नाही. "मी अक्कल चालवत नाही, मी पाणी चालवतो," असं तो म्हणायचा, आणि हे सांगताना त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

कारभाऱ्यानं घसा साफ केला. "कुणाच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नाही," त्यानं सुरुवात केली. यावरून पुढं काय येणार हे अक्काला कळलं. "पण पाणी घराचं असतं. आणि घर म्हणजे नवरा-बायको. आता हे दोघं पुरुष. यांना घर कसं म्हणायचं?"

"आजवर म्हणत आलात तसं," धाकटा म्हणाला.

"ते चुकून चाललं होतं."

"इतकी वर्षं गाळ काढून घेतलात, तोही चुकून?"

मास्तर उठले. शाळा सुटून वर्षं झाली होती, पण बोलायची खोड सुटली नव्हती. वारा कुठला आहे ते आधी पाहायचं आणि मग स्वतःचं मत म्हणून तेच सांगायचं, ही त्यांची विद्वत्ता. "हे बघा," ते म्हणाले, "प्रश्न दोन माणसांचा नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे. घर ही पवित्र गोष्ट आहे."

"तुमच्या पवित्र घरातून सूनबाई कालच पुन्हा माहेरी गेली ना, मास्तर?" अक्कानं विचारलं. मास्तर खाली बसले.

मग धाकटा उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. हातांना गाळ वाळून चिकटला होता, तो खरवडत तो बोलला. "मी सरळ सांगतो. हा माझा माणूस आहे. मी आजारी होतो तेव्हा यानं केलं, हा आजारी होता तेव्हा मी केलं. शेत एक, चूल एक. आम्ही एक घर आहोत. तुम्ही तुमच्या घराला जे देता तेच आम्हाला द्या. जास्त काही मागत नाही."

आडून सगळं चालतं, पण एखाद्यानं खरं ते समोर ठेवलं की गावाला आपले पाय दिसायला लागतात. सगळे खाली बघत होते.

"नातं काय तुमचं?" कारभारी म्हणाला. "तू एकटा, तो एकटा. तो कुठून तरी आला, तू ठेवून घेतलास. एका घरात दोन एकटी माणसं राहिली म्हणून जोडी होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे दोघं वेगवेगळे एकटे पुरुष आहेत, एकमेकांचे कुणी नाहीत, आणि यांच्या घराची पाळी रद्द. गवंड्यानं आपली चूलही वेगळी करावी, म्हणजे गोंधळ नको. पटत असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. ज्याच्या घराची भिंत गवंड्यानं पदरचे दगड घालून उभी केली होती त्याचा झाला. जिच्या बाळंतपणात धाकट्यानं भर दुपारी धावत जाऊन वैद्याला आणलं होतं तिचा झाला. मास्तरांचा तर आधीच होता. अक्का एकेक हात बघत गेली आणि प्रत्येकाची तिला किळस आली. आठवडाभर ज्यांना घमेलं उचलवत नव्हतं त्यांचे हात आता खांद्यापासून सरळ वर गेले होते.

"कळलं का?" कारभाऱ्यानं पाटकऱ्याला विचारलं.

"कळलं," पाटकरी म्हणाला. "दोघं एकटे. एकमेकांचे कुणी नाहीत."

घरी आल्यावर गवंड्यानं आपली हत्यारं एका जागी गोळा करायला सुरुवात केली. थापी, ओळंबा, हातोडा. अक्का मागून आली तेव्हा धाकटा दारात आडवा उभा होता.

"मी गेलो तर हा पुन्हा त्यांच्यातला होईल," गवंडी अक्काला म्हणाला. "याला तरी काहीतरी देतील. मी आहे म्हणून याचं शेत जळायला नको."

"जळू दे शेत," धाकटा म्हणाला. "तू हत्यारं खाली ठेव आधी."

"दोघंही खाली बसा," अक्का म्हणाली. "मला वाट चालून दम लागलाय आणि तुमचं हे उभ्यानं रडणं मला बघवत नाही. कारभारी मघाशी काय म्हणाला, नीट आठवा. एकटे म्हणाला की नाही?"

"म्हणाला."

"सगळ्या गावानं हात वर केले की नाही?"

"अक्का, तेच तर रडतोय."

"मग एकट्याचं पाणी कुणाला असतं?"

दोघं तिच्याकडं बघत राहिले. गवंड्याला आधी उमगलं. त्याच्या हातातला ओळंबा हातातच राहिला.

"पहिली पाळी," अक्का म्हणाली. "दोन एकटे, म्हणून दोन पाळ्या. आणि गाळ उपसायचा नाही. तो गावानं उपसायचा. त्या गाढवांना आपण काय बोललो ते अजून कळलेलं नाही."

धाकट्याला हे आवडलं नाही. तो म्हणाला, "नको. मी एकटा नाही म्हणून आत्ता चारचौघांत सांगून आलो. पाण्यासाठी उद्या मीच जाऊन एकटा आहे म्हणून सांगू? याच्यासमोर?"

"तू सांगू नकोस. त्यांनी सांगितलंय, तू फक्त ऐकलंस. खोटं त्यांनी बोलायचं आणि लाज तुला, हे कुठलं?"

"तरी मला ते तोंडातून काढवणार नाही."

"मग तोंड बंद ठेव," अक्का म्हणाली. "माझ्याजवळ दोघांना पुरेल एवढं आहे."

गवंडी खाली बसला. "अक्का म्हणते तसं करू," तो धाकट्याला म्हणाला. "मला एकदा त्यांना खोदताना बघायचंय." हत्यारं त्यानं परत कोपऱ्यात ठेवली, आणि त्या एका गोष्टीवर धाकटा कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी गाव पाटावर आलं तेव्हा बांधावर अक्काच्या एका बाजूला धाकटा बसला होता, दुसऱ्या बाजूला गवंडी. पलीकडं बहिरा सुतार. चौघंही पाय सोडून निवांत. गावातले सगळ्यात राबणारे दोन पुरुष हाताची घडी घालून बसलेत हे दृश्य लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

"उतरा की," कारभारी म्हणाला.

"कोण?" अक्कानं विचारलं.

"हे दोघं. उताराखालचा तुकडा अजून पुरता झालेला नाही. काल पुन्हा दगड घसरलेत."

"एकट्यांना पाटात उतरवायचं नसतं रे. हे बिचारे एकटे आहेत. काल तूच सांगितलंस. मला तर रात्रभर वाईट वाटत होतं, किती वर्षं आपण या पोरक्या जिवांकडून काम करून घेतलं म्हणून."

कारभाऱ्यानं पाटकऱ्याकडं पाहिलं. पाटकरी विचार करत नव्हता, आठवत होता. "हात वर झाले होते," तो म्हणाला. "दोघं एकटे. एकट्यांचा तुकडा सगळ्यांनी मिळून उपसायचा."

"अरे पण ते त्यासाठी नव्हतं."

"कशासाठी होतं ते मला कुणी सांगितलं नाही," पाटकरी म्हणाला.

मग गाव उताराखालच्या तुकड्यात उतरलं. तिथं काम काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर ते दोघंच करत आले होते. एक दगड काढावा तर वरून दुसरा घसरे. मास्तरांनी फावडं एकदा उचललं आणि मग त्याला टेकून श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना त्यांच्याच शेजाऱ्यानं गप्प बसवलं. कारभाऱ्याची बायको घमेलं उचलता उचलता नवऱ्याकडं असं बघत होती की तो तिच्याजवळून जाणं टाळत होता. वर बसलेला गवंडी मधूनच शांतपणे सांगत होता, "तो दगड आधी काढू नका, वरचा येईल." कुणी ऐकत नव्हतं, आणि वरचा येत होता.

संध्याकाळी कारभारी दोनतीन जणांना घेऊन धाकट्याच्या घरी पोचला. त्याला वाटलं होतं दोघं एका चुलीवर सापडतील, म्हणजे एकटेपणाचं सोंग तिथंच उघडं पडेल. पडवीत गवंड्यानं नवी चूल घातली होती. गवंडीच तो, चूल चांगलीच झाली होती. तिच्यासमोर बसून तो आपल्यापुरतं रांधत होता. भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात धाकटा आपलं ताट घेऊन बसला होता. मध्ये ती एक भिंत. धाकट्याच्या ताटातलं काहीच कमी झालेलं नव्हतं, आणि गवंडी भांड्यात डाव फिरवत होता खरा, पण भांड्यात फिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. सगळा दिवस गावाची मजा पाहून दोघं घरी आले होते, आणि घरी आल्यावर मजा कसली, ते भिंतीच्या दोन बाजूंना वेगवेगळे जेवायला बसले होते. पडवीच्या पायरीवर बसलेल्या अक्काला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की आपली युक्ती यांना फार महागात पडली.

पण कारभाऱ्याला पाहून तिचा पश्चात्ताप पळाला.

"बघून घे," ती म्हणाली. "तुझ्या सांगण्याप्रमाणं वेगळी चूल. अजून काय, अंथरूण मोजायचंय?"

"नाटक आहे हे," कारभारी म्हणाला. "हे दोघं आतून एकच आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग काल हात कशाला वर केलास?"

बरोबर आलेल्यांतल्या एकानं, चूल छान झालीय, आमची पण धुरते हल्ली, असं म्हणून पाहिलं. गवंड्यानं त्याच्याकडं वर मान करूनही पाहिलं नाही.

गाळ निघाला आणि पाणी सुटलं. पहिली पाळी अक्काची, दुसरी सुताराची. यांत कुणाचं काही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याची. तो तळ्याच्या दाराशी एकटाच उभा राहिला, कारण एकट्यानं एकट्यासारखंच यायला हवं असं पाटकऱ्यानं सांगितलं होतं. पाणी पाटातून पुढं सरकलं, तापलेल्या मातीनं आधी ते नुसतंच पिऊन टाकलं, मग हळूहळू सऱ्या भरायला लागल्या आणि ओल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत आला. मागच्या घरांची माणसं रस्त्यावर उभी राहून तळ्याकडं बघत होती. कडेच्या चिखलाचा पट्टा आणखी रुंद झाला होता. उद्या गवंड्याची पाळी. म्हणजे तो उतार उद्या पूर्ण दिवस पाणी पिणार, आणि मग कुठं जोडीच्या घरांचा क्रम सुरू होणार. कारभाऱ्याला एक दिवस अलीकडं यायचं होतं. तो उलटा मागं गेला होता, आणि गावालाही घेऊन गेला होता.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक भरली. या वेळी बोलवावं लागलं नाही, लोक आपणहूनच आले.

अक्कानं धाकट्याला वाटेत गाठलं. "उद्याची पाळी घेऊन टाका, मग परवा बसू म्हणावं बैठकीला. गवंड्याची रोपं सुकायला लागलीत. आजचं पाणी उतारावर चढलेलं नाही."

"आज ते जे म्हणणार आहेत ते उद्या म्हणतील की नाही कुणास ठाऊक," धाकटा म्हणाला. "रोपं पुन्हा लावता येतील."

कारभाऱ्यानं या वेळी घसा साफ केला नाही. "गावानं पूर्ण विचार केला आहे," तो म्हणाला. विचार करणारा गावात कोण आहे हे अक्का शोधत राहिली. "पूर्वीपासून हे दोघं एक घर म्हणून चालत आलेत. जुनी रीत मोडू नये. यांना एकच घर धरावं आणि एकच पाळी द्यावी. ती आज झाली. उद्याची रद्द."

मास्तर उठले. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," ते म्हणाले. "काळ बदलतो. माणसानं मन मोठं ठेवलं पाहिजे. शेवटी घर म्हणजे तरी काय, दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास."

हे वाक्य चांगलं होतं. फक्त ते मास्तरांच्या तोंडून यावं याचं अक्काला वाईट वाटलं.

"थांबा," गवंडी म्हणाला. गावानं बैठकीत त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "एक घर म्हणजे कसलं घर? मालक आणि भाडेकरू पण एका घरात राहतात. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आम्ही एकमेकांचे कुणी नाही. आता कोण आहोत ते कारभाऱ्यांनी सांगावं."

"अरे, सांगितलं ना. एक घर."

"ते ऐकलं. कोण आहोत?"

कारभाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "सांगून टाका ओ, उद्या सकाळी त्याचं पाणी सुटेल." कारभाऱ्याची बायको पुढं सरकून बसली.

"जोडी," कारभारी म्हणाला. तोंडात कडू काही आलं असावं तसा तो बोलला. "जोडी आहात. झालं?"

"माझं नाही झालं," पाटकरी म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. "मला नीट कळलं पाहिजे. उद्या घोटाळा झाला की शिव्या मला बसतात. जोडी म्हणजे अक्काची होती तशी जोडी?"

"तशीच."

"अक्काचा नवरा गेला तेव्हा पाणी अक्काकडं राहिलं, घर राहिलं. दीर भांडायला आला होता, त्याला गावानं परत पाठवलं. यातला एक गेला तर दुसऱ्याचं काय? शेत आणि घर दुसऱ्याकडं राहायचं, की कुठला पुतण्या उगवला तर त्याला द्यायचं?"

धाकट्यानं श्वास धरून ठेवला होता, अक्काला ते दिसत होतं. हे मागायची त्याची स्वतःची कधी हिंमत झाली नसती. आपल्या मागं गवंड्याला लोक हाकलून देतील ही भीती त्यानं एकदाच, फार वर्षांपूर्वी, तिच्याजवळ बोलून दाखवली होती. आणि हा पाटकरी ते असं विचारत होता, जसं दार किती आटे उघडायचं ते विचारावं.

"राहील, राहील," कारभारी घाईनं म्हणाला. त्याला घरी जायचं होतं. "सगळ्या जोड्यांना जे, तेच यांना. एकही गोष्ट कमी नाही, आणि एकही पाळी जास्त नाही. करा हात वर."

हात वर झाले. तेच हात. त्या दिवशी जेवढे सरळ होते तेवढेच आजही सरळ. कुणाचं मन बदललं नव्हतं, कुणाला काही नवं कळलं नव्हतं. दया नाही, न्याय नाही, साधी शरमसुद्धा नाही. एका दिवसाचं पाणी वाचत होतं म्हणून या माणसांनी एका क्षणात असं काही देऊन टाकलं, जे हात जोडून मागितलं असतं तर त्यांच्या नातवंडांनीही दिलं नसतं. अक्काला हसावं की थुंकावं कळेना.

"फक्त एक," मास्तर हळूच म्हणाले, "हे बाहेरगावी कशाला बोलायचं, आपलं आपल्यात राहू दे." त्यावरही हात वर झाले.

धाकटा आणि गवंडी उठले आणि घराकडं निघाले. नेहमी ते पुढंमागं चालायचे, मध्ये थोडं अंतर ठेवून. आज रस्ताभर बरोबरीनं चालले. गवंड्याची रोपं उद्या उन्हात माना टाकतील हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि गवंडी मध्येच काहीतरी बोलला त्यावर धाकटा मोठ्यानं हसला. थोड्या वेळानं त्यांच्या पडवीतून चूल फोडल्याचा आवाज आला.

अक्का मागं राहिली. गुडघे धरून ओट्यावरून उतरत होती, तोवर कारभारी तिच्याबरोबर चालायला लागला. तो खुशीत होता. चारजणांनी त्याची पाठ थोपटली होती, गावाचं पाणी वाचवलं म्हणून.

"पाहिलंत अक्का?" तो म्हणाला. "दोन पाळ्या हडपायला निघाले होते दोघं. शेवटी आणलं की नाही मी त्यांना एका छपराखाली? आता बसा म्हणावं जन्मभर एकाच पाळीवर."

अक्का थांबली आणि तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. उत्तरं तिच्याजवळ बरीच होती. जन्मात तिला उत्तर कधी कमी पडलं नव्हतं, आणि या माणसासाठी तर तिनं काही खास राखून ठेवली होती. पण त्यानं आज काय केलं हे त्याला कळलं असतं, तर उद्या त्यानं सगळ्यांना पुन्हा ओट्यावर बसवलं असतं, आणि हात काय, ते वर करायला लोकांना काही लागत नव्हतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. अक्कानं ती मागं घेतली.

"हुशार आहेस रे बाबा," ती म्हणाली.

आणि त्याला ते खरं वाटलं.